तहसीलच्या अभिलेख कक्षाची नक्कल सेवा: जमिनीचा कागद राहतो, मजुराचा जातो

सरकारी कचेरीच्या सेवेविषयी लिहिताना आपण बहुधा रांग, खिडकी, कर्मचाऱ्यांची वागणूक आणि लागलेला वेळ यांविषयी लिहितो. अभिलेख कक्षाच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही, कारण तिथे आपल्याला काय मिळणार हे आपण अर्ज करण्याच्या कितीतरी आधी, कधी कधी आपल्या जन्माच्याही आधी, कोणीतरी ठरवून टाकलेले असते. पश्चिम महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यातील एका तालुक्याच्या तहसील कार्यालयातून मी अलीकडे जुन्या कागदांच्या नकला घेतल्या. सेवा म्हणून ती मला अपेक्षेपेक्षा बरीच चांगली वाटली. त्या कक्षात काय ठेवायचे आणि काय काढून टाकायचे याचे जे नियम आहेत, त्यांच्याविषयी मात्र माझे मत तितके अनुकूल नाही, आणि या परीक्षणाचा मोठा भाग त्या नियमांना दिला आहे.

काम साधे होते. १९७२ च्या दुष्काळात आमच्या गावाच्या शिवारात एक पाझर तलाव खोदला गेला. त्या तलावाची माहिती कागदोपत्री जुळवावी असे गावातील आम्हा काही जणांच्या मनात होते. त्यासाठी तीन प्रकारचे कागद हवे होते: तलावाखाली गेलेल्या जमिनींचे फेरफार (जमिनीच्या हक्कांत झालेल्या बदलांच्या नोंदी), तलावाच्या कामावर राबलेल्या मजुरांचे हजेरीपट आणि त्या काळातील कुटुंबांचा माग लावण्यासाठी गाव नमुना १४ मधील जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी. फेरफार मिळाले. हजेरीपट नष्ट केलेले होते. नमुना १४ मिळाला, पण तो जपला गेला यात शहाणपणापेक्षा योगायोगाचा वाटा अधिक आहे, असे माझे मत झाले.

आधी कक्षाविषयी. तळमजल्यावरची लांबट खोली, लोखंडी घडवंच्या आणि त्यांवर लाल, हिरव्या आणि पिवळ्या फडक्यांत बांधलेले गठ्ठे. प्रत्येक गठ्ठ्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी, चिठ्ठीवर गावाचे नाव, वर्ष आणि वर्ग. फडक्याचा रंग शोभेसाठी नसतो, तो त्या गठ्ठ्याचे आयुष्य सांगतो. आपल्याकडील महसूल आणि इतर बहुतेक कार्यालयांत अभिलेखांचे साधारण वर्गीकरण असे असते: ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ वर्ग ३० वर्षांचा, ‘क’ वर्ग १० वर्षांचा, त्यातील ‘क-१’ हा पोटवर्ग ५ वर्षांचा आणि ‘ड’ वर्ग १ वर्षाचा. या कक्षात लाल फडके ‘अ’ वर्गाचे, हिरवे ‘ब’ वर्गाचे आणि पिवळे ‘क’ वर्गाचे. पांढऱ्या फडक्यातला ‘ड’ वर्ग या खोलीपर्यंत येतच नाही. तो संकलनातल्या, म्हणजे संबंधित शाखेतल्या, लिपिकाच्या कपाटातूनच परस्पर निकालात निघतो.

हे समजून घ्यायचे तर टेबलापासून सुरुवात करावी लागते. कार्यालयातील प्रत्येक लिपिकाने आपल्याकडील कागद सहा गठ्ठ्यांत लावून ठेवायचे असतात. चालू प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके आणि स्थायी आदेश हे त्यातले चार. पाचवा गठ्ठा अभिलेख कक्षात पाठवायच्या निकाली प्रकरणांचा आणि सहावा नष्ट करायच्या कागदांचा. म्हणजे काय जगेल आणि काय मरेल याचा पहिला निवाडा कोणी अभिलेखतज्ज्ञ करीत नाही; ज्याने ते प्रकरण चालवले तोच लिपिक, प्रकरण निकाली निघाले की त्यावर ‘क’ किंवा ‘ड’ असे अक्षर घालतो, आणि वरिष्ठ त्यावर सही करतो. विषयवार वर्ग ठरवून देणारी यादी त्याच्यासमोर असते, पण एखादे प्रकरण कोणत्या विषयात बसवायचे हे त्याचे त्यालाच पाहावे लागते. त्या क्षणी त्याच्या मनात प्रश्न एकच असतो, आणि तो अगदी रास्त असतो: हा कागद पुन्हा कार्यालयाला लागेल का? कार्यालयाबाहेरच्या कोणाला पन्नास वर्षांनी तो लागेल का, हा प्रश्न त्याला कोणी विचारलेला नसतो.

पुढचे टप्पे कायद्याने बांधलेले आहेत, निदान कागदावर तरी. केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३ चा आहे आणि त्याखालील नियम १९९७ चे आहेत. प्रत्येक कार्यालयाने अभिलेख अधिकारी नेमायचा, नोंद आणि आढावा घेतल्याशिवाय काहीही नष्ट करायचे नाही, २५ वर्षांहून जुन्या अभिलेखांचा आढावा राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सल्ल्याने घ्यायचा, आणि १८९२ पूर्वीचा कागद तर तो अभिलेख म्हणून वापरण्याच्या पलीकडे गेला आहे असे अभिलेखागाराच्या प्रमुखांचे मत झाल्याखेरीज नष्टच करायचा नाही, अशी ती व्यवस्था आहे. महाराष्ट्राने स्वतःचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ मध्ये केला. विहित रीत सोडून अभिलेख नष्ट करणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा दोन्हीकडे आहे. १० हजारांचा आकडा आज हास्यास्पद वाटतो हे खरे, परंतु कैदेची तरतूद हास्यास्पद नाही, आणि अभिलेखपालाच्या टेबलावर तिची जाणीव मला दिसली.

अर्ज करण्याची रीत सुटसुटीत आहे. साध्या कागदावर किंवा छापील नमुन्यात नक्कल अर्ज लिहायचा, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, गाव, गट किंवा जुना सर्व्हे नंबर, फेरफार क्रमांक आणि साधारण वर्ष लिहायचे. ‘साधारण वर्ष’ या रकान्यावर बरेच काही अवलंबून असते. कक्षातील नोंदवह्या गाववार आणि वर्षवार लावलेल्या आहेत, विषयवार नाहीत. त्यामुळे “आमच्या आजोबांचे काहीतरी प्रकरण झाले होते” असे सांगून आलेल्या माणसाला कितीही सज्जन अभिलेखपाल फारशी मदत करू शकत नाही, आणि नेमका क्रमांक घेऊन आलेल्याला थोड्याच वेळात गठ्ठा समोर मिळतो. जुने सर्व्हे नंबर आणि एकत्रीकरणानंतरचे गट नंबर यांचा मेळ घालावा लागतो. तो तक्ता तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात आधी पाहून जावा, म्हणजे एक हेलपाटा वाचतो.

फेरफारांबाबत तक्रारीला जागाच नाही. तलावात बुडालेल्या प्रत्येक तुकड्याचा फेरफार, त्यासोबतचे भूसंपादनाचे पत्र आणि आकार (जमीन महसूल) कमी केल्याची नोंद सलग मिळाली. लाल फडके, स्वच्छ शाई, पाने क्रमाने लावलेली, किडीचा माग नाही. कोणत्या खातेदाराची किती गुंठे जमीन गेली आणि सरकारी आकारणीत किती रुपये-पैशांचा फरक पडला, तेही आज अर्ध्या शतकानंतर सांगता येते. नक्कल शुल्क किरकोळ होते. प्रमाणित नकलेवर शिक्का, सही आणि तारीख व्यवस्थित होती, आणि मूळ कागदात जिथे शाई फुटली होती तिथे नकलेवर ‘अवाच्य’ असे लिहिलेले होते. ओढून-ताणून काहीतरी अक्षर बसवण्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक आहे, आणि सगळीकडे ते होत नाही.

मग हजेरीपट मागितले. १९७२-७३ च्या त्या दुष्काळात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर किती माणसे होती हे आठवून पाहावे: मे १९७३ मध्ये ती संख्या सुमारे ५० लाखांवर गेली होती. खडी फोडणारी, माती वाहणारी, तलाव आणि रस्ते उभे करणारी ही माणसे, त्यांत बायका मोठ्या संख्येने, आणि त्यांतील बहुतेकींच्या नावे ना सातबारा ना खाते. सरकारच्या दप्तरात त्यांचे नाव ज्या कागदावर लिहिले गेले तो हजेरीपट होता: नाव, गाव, किती दिवस, किती मजुरी, अंगठा. पुढे ज्या रोजगार हमी योजनेचा देशभर दाखला दिला गेला, तिचे पहिले पुरावे म्हणजे हीच पाने.

अभिलेखपालांनी मला खुर्ची दिली, एक जाड नोंदवही काढली आणि पान माझ्याकडे फिरवले. “मॅडम, हे बघा. क वर्ग. मुदत संपली, लेखापरीक्षण झालं, काढून टाकलं. माझ्या आधीचं आहे हे.” त्या पानावर हजेरीपटांच्या गठ्ठ्यांचे अनुक्रमांक होते, कोणत्या कामाचे आणि कोणत्या महिन्यांचे ते होते, कोणत्या वर्गात होते, मुदत केव्हा संपली, नष्ट करण्यास मंजुरी कोणत्या आदेशाने मिळाली, कोणत्या तारखेला आणि कोणासमोर ते नष्ट झाले, हे सर्व लिहिलेले होते. खाली सह्या. मी विचारले, “भाऊसाहेब, एखादा नमुन्यादाखल तरी ठेवला असेल ना?” ते म्हणाले, “ठेवायचा म्हटला तर कुठल्या नियमात ठेवायचा?”

या उत्तराने मी रागावले नाही, उलट या सेवेला माझ्या लेखी सर्वाधिक गुण मिळाले ते याच ठिकाणी. नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी हा कोणत्याही कक्षातला सर्वांत महत्त्वाचा अभिलेख आहे असे मी आता मानते. त्या यादीवरून मला कळले की कागद खरोखर होता, तो कोणत्या कामाचा होता, आणि तो हरवला नाही, चोरीला गेला नाही, पावसात भिजला नाही, तर एका ठरलेल्या नियमाने गेला. आमच्या तलावाचे काम नेमके कोणत्या महिन्यांत चालू होते हेसुद्धा मला त्या नष्ट यादीवरूनच समजले. दुसऱ्या कोणत्याही कागदावर ते नव्हते. तिथेच मला नियमाशी भांडण्याचा आधारही मिळाला, कारण अस्तित्वात असलेल्या नियमाशी भांडता येते, अंधाराशी येत नाही.

याच्या नेमके उलट एका दुसऱ्या कार्यालयात, ज्याचे नाव मी देत नाही, मला “जुने रेकॉर्ड सापडत नाही” एवढे तोंडी उत्तर मिळाले होते. लेखी मागितल्यावर “शोध घेतला असता आढळून येत नाही” असा एक ओळीचा कागद आला. ‘नष्ट केले’ आणि ‘आढळून येत नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि हा फरक नागरिकाने धरून ठेवला पाहिजे. माहिती अधिकार कायद्यात न देण्याची जी कारणे मोजून दिली आहेत त्यांत ‘सापडत नाही’ हे कारण नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्टच म्हटले की, जी माहिती कधीकाळी कार्यालयाकडे होती ती केवळ मिळत नाही म्हणून नाकारता येणार नाही. शोध घ्यावा लागेल आणि न सापडल्यास जबाबदारी ठरवण्यासाठी चौकशी करावी लागेल. याच कायद्याच्या कलम ४ मध्ये प्रत्येक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचीबद्ध आणि अनुक्रमित ठेवावेत असे पहिलेच कर्तव्य सांगितले आहे, आणि मागणी झालेली माहिती हेतुपुरस्सर नष्ट करणाऱ्याला कलम २० खाली दिवसाला २५० रुपयांप्रमाणे २५ हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून ज्या कागदाची मुदत संपत आली आहे अशी शंका असेल, त्यासाठी १० रुपयांचा माहिती अर्ज तातडीने टाकून ठेवणे शहाणपणाचे, कारण अर्ज आल्यावर तो कागद सहाव्या गठ्ठ्यात टाकणे कोणालाही सोपे राहत नाही.

आता मूळ हिशेबाकडे येते. एकाच तलावाच्या दोन बाजू या एका कक्षात होत्या. जमीन कोणाची गेली हे सांगणारे कागद कायमच्या वर्गात आहेत. तलाव कोणी खोदला हे सांगणारे कागद मुदतीच्या वर्गात होते आणि मुदत संपल्यावर गेले. याला कोणाचा दुष्टपणा म्हणता येणार नाही. मालमत्तेचा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतो, तो कोर्टात जातो, कोर्ट कागद मागते आणि कागद नसला तर कार्यालय अडचणीत येते. मजुरी मात्र एकदा दिली, लेखापरीक्षकाने टीप मारली, की कार्यालयाच्या दृष्टीने तो विषय संपतो. वर्गीकरणाची यादी कार्यालयाच्या भीतीप्रमाणे रचलेली आहे, आणि भूमिहीन माणसाची कार्यालयाला भीती नसते. हे जरा कठोर वाटेल, परंतु गठ्ठ्यांवरची अक्षरे वाचत हिंडल्यावर मला दुसरा अर्थ लावता आला नाही.

ही खोड आजची नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आज अभ्यासकांना पाहता येतात याचा आपण अभिमान बाळगतो, पण ते एवढ्या निगुतीने राहिले त्याचे कारण इंग्रजांना मराठ्यांच्या इतिहासाची आवड होती असे नव्हे. १८१८ नंतर कोणाचे इनाम खरे, कोणाचे खोटे आणि कोणती जमीन सरकारजमा करता येईल हे ठरवण्यासाठी नव्या सरकारला त्या कागदांची गरज होती. १८५२ च्या कायद्याने बळ मिळालेल्या इनाम कमिशनने तर गावोगावची दप्तरे खणून काढली. इतिहासकार पुढे आले ते महसुलासाठी राखलेल्या कागदांवर. पैशासाठी जपलेले दप्तर पुढे ज्ञानासाठी उपयोगी पडले ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र ज्या कागदांत सरकारचा पैसा अडकलेला नव्हता, त्यांतले काय काय तेव्हा गेले असेल, याचीही आठवण त्या रुमालांपुढे बसलेल्याला व्हायला हवी.

गाव नमुना १४ ची गोष्ट या नियमाला अपवाद आहे, म्हणून ती थोडी सविस्तर सांगते. गावातील जन्म आणि मृत्यू यांची ही जुनी नोंदवही. विदर्भात तिलाच कोतवाल बुक म्हणतात, कारण नोंद देण्याचे काम कोतवालाचे. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा आल्यावर ही कामे नव्या रीतीने ग्रामपंचायतींकडे गेली आणि तहसिलीतील जुन्या वह्या कोणाच्याच रोजच्या कामाच्या राहिल्या नाहीत. त्यांत कोणाची मालमत्ता नव्हती. तरी त्या राहिल्या. अभिलेखपालांच्या मते, त्या जाडजूड बांधणीच्या असल्यामुळे सुट्या कागदांसारख्या रद्दीत गेल्या नाहीत, आणि हे कारण मला पूर्ण विश्वासार्ह वाटते. आज त्यांचे मोल पाहा. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो आणि जातीच्या रकान्यासह मिळणारी पणजोबांची जन्मनोंद हा त्यातला बळकट पुरावा. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा राज्यभरच्या अभिलेख कक्षांत दिवे रात्री उशिरापर्यंत जळू लागले. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, १९५१ चे नागरिक रजिस्टर, शाळांची जनरल रजिस्टरे आणि हा नमुना १४ यांची पाने एकेक करून पाहिली गेली. मराठवाड्यात तर निजामी राजवटीतील उर्दू-फारसी कागदांसाठी हैदराबादपर्यंत जावे लागले.

त्या वह्या लिहिणाऱ्या कोतवालाला किंवा त्या घडवंचीवर ठेवणाऱ्या लिपिकाला हे उपयोग स्वप्नातही दिसले नसतील. आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू कोणती हा प्रश्न येथे नाही. मुद्दा इतकाच की, पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून कागद निवडण्याची रीत आपल्या डोळ्यांदेखत चुकीची ठरली आहे, आणि त्यानंतरही वर्गीकरणाच्या याद्या नव्याने विचारात घेतल्या गेल्याचे मला त्या कक्षात तरी दिसले नाही. एखाद्या मालिकेतील दर दहावा गठ्ठा नमुना म्हणून राखून ठेवावा, एवढी साधी तरतूद यादीत असती, तर आमच्या तालुक्यातील काही हजेरीपट आज लाल फडक्यात असते. जगातील अनेक अभिलेखागारे मोठ्या संख्येच्या एकसारख्या कागदांबाबत असे नमुने ठेवतात.

उलट, अलीकडे वारे आहे ते कागद लवकर काढून टाकण्याचे. पुण्याचे तत्कालीन विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी २०१७ मध्ये ‘झिरो पेंडन्सी अँड डेली डिस्पोजल’ ही मोहीम चालवली. तिचा एक मोठा भाग अभिलेखांचे वर्गीकरण आणि निंदणीकरण, म्हणजे नको असलेले कागद निवडून काढणे, हा होता. २०२५ च्या सुरुवातीला राज्य सरकारने सर्व कार्यालयांसाठी १०० दिवसांचा सात कलमी कार्यक्रम दिला, त्यातही कार्यालयीन स्वच्छतेखाली अनावश्यक कागद निकाली काढणे होते. या मोहिमांचे चांगले परिणाम मी नाकारत नाही. मी पाहिलेला हा नीटनेटका कक्ष, सरळ उभ्या घडवंच्या आणि चिठ्ठ्या लावलेले गठ्ठे हे अशाच मोहिमांचे फळ आहे. पूर्वी याच खोलीत पोत्यांवरून चालत जावे लागे, असे तिथल्या शिपायाने सांगितले. धुळीत पुरलेला ‘अ’ वर्गाचा कागद हा नष्ट झालेल्या कागदाइतकाच निरुपयोगी, हेही खरे. पण मोहिमेचे यश किती टन कागद बाहेर गेला यावर मोजले जाऊ लागले की अक्षर घालणाऱ्या लिपिकाचा हात आपोआप ‘ड’ कडे वळतो. तलाठी दप्तरातून आलेल्या पोत्यात काय आहे हे वाचायला अनुभवी माणूस लागतो, मोडी असेल तर मोडी वाचणारा लागतो. आणि शंभर दिवसांत पोते रिकामे करायला कोणीही चालतो.

मोडीचा उल्लेख आला म्हणून या कक्षाची एक उणीव नोंदवते. नमुना १४ ची सुरुवातीची पाने मोडीत आहेत आणि कार्यालयात मोडी वाचणारे कोणीही नाही. नक्कल म्हणून पानाची छायाप्रत मिळते, लिप्यंतर आपले आपण करून घ्यायचे. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते. तालुक्याच्या प्रत्येक कक्षातील निदान एका कर्मचाऱ्याला तिथे पाठवणे हा काही अवजड खर्च नाही. ज्याला आपण काय नष्ट करतो आहोत हे वाचताच येत नाही, त्याने नष्ट यादीवर सही करू नये, एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नसावी.

संगणकीकरणाने हा प्रश्न सुटेल असे अनेकांना वाटते. मंत्रालयाला २१ जून २०१२ रोजी लागलेल्या आगीत फायलींचे मजलेच्या मजले जळाले, आणि त्यानंतर ई-ऑफिसचा आग्रह वाढला तो योग्यच होता. भूमी अभिलेख विभागाच्या ‘आपले अभिलेख’ या पोर्टलवर जुने सातबारा, फेरफार आणि खाते उतारे घरबसल्या पाहता येतात; गाव निवडायचे, कागदाचा प्रकार निवडायचा, क्रमांक टाकायचा आणि प्रतिमा उघडायची. ज्यांना फक्त जमिनीचे कागद हवेत त्यांनी तहसिलीत जाण्याआधी तिथे पाहावे. तथापि स्कॅन काय होते? पुन्हा जमिनीचेच कागद, आणि मुख्यतः कायमच्या वर्गातले. जे अक्षर एकदा गठ्ठ्यावर पडले तेच पुढे स्कॅनरपर्यंत जाते. शिवाय स्कॅन झाले म्हणून मूळ कागद काढून टाकण्याचा मोह नवा आहे. आमच्या फेरफारांपैकी एकाच्या मागच्या बाजूला तत्कालीन तलाठ्याने पेन्सिलीने केलेली दोन ओळींची टीप होती. मूळ पान हातात नसते तर ती मला दिसली नसती, कारण स्कॅन करताना मागची बाजू कोरी धरली गेली असती.

थोडे व्यावहारिक. कक्ष कार्यालयीन वेळेत उघडा असतो, पण निवडणूक, टंचाई किंवा जमाबंदीच्या दिवसांत अभिलेखपालाला इतर कामांना जुंपलेले असते, तेव्हा आधी विचारून जावे. बसायला दोन खुर्च्या आणि एक टेबल आहे, उजेड पुरेसा आहे, पंखा चालतो. पिण्याच्या पाण्यासाठी बाहेर जावे लागते. गठ्ठा स्वतः हाताळू देत नाहीत, समोर उघडून दाखवतात. ते योग्य आहे. मोबाइलवर फोटो काढायला मनाई आहे, आणि नक्कल शुल्क इतके कमी असताना त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. कोणीही वरकड पैसे मागितले नाहीत, हे मुद्दाम लिहिते.

जाणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर करावी. आपला कागद मिळाला नाही तर परत फिरण्याआधी नष्ट केलेल्या अभिलेखांची नोंदवही दाखवा असे म्हणावे, आणि त्यातील संबंधित पानाचीसुद्धा प्रमाणित नक्कल मागावी. या कक्षात ती मागणी ऐकून कोणाच्याही कपाळाला आठी पडली नाही. तीच नक्कल जोडून मी जिल्हाधिकारी कार्यालयाकडे, उरलेल्या दुष्काळी कामांचे हजेरीपट अन्यत्र शिल्लक असल्यास ते ‘क’ वर्गातून काढून कायमच्या वर्गात घ्यावेत किंवा पुराभिलेख संचालनालयाकडे पाठवावेत, असा अर्ज दिला आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.

अभिलेख कक्षाच्या सेवेला माझे पाचांपैकी चार गुण. अर्धा गुण मोडीसाठी आणि अर्धा पाण्यासाठी कापला आहे. वर्गीकरणाच्या यादीला पाचांपैकी दोन.